मंगळवारची जीप

आमच्या घरची सहल मंगळवारी निघायची. मुलाची शाळा असो, परीक्षा असो, मंगळवार म्हणजे मंगळवार. ह्याचं कारण देवाधर्माचं नव्हतं. माझ्या नवऱ्याची काळी-पिवळी जीप शहरातल्या स्टँडवरून खुलताबादच्या लाईनीला चालायची. सोमवारी घृष्णेश्वराला जाणारे, गुरुवारी दर्ग्याला, शनिवारी भद्रा मारुतीला, रविवारी सुट्टीवाले. बुधवारी-शुक्रवारी बाजाराची माणसं मिळायची. मंगळवारी लाईन पडलेली. दुपार झाली तरी नंबर लागायचा नाही. म्हणून मंगळवारी जीप आमची.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात हे आम्हाला पहिल्याच खेपेला फाटकापाशी गेल्यावर कळलं. माझ्या नवऱ्याला हे माहीत असायला हवं होतं, रोज माणसं नेत होते. पण मंगळवारी ते कधी गेलेच नव्हते. मी फाटकाबाहेर झाडाखाली डबा सोडला, भाकरी, ठेचा, कांदा. माकडांनी अर्ध्या भाकरी नेल्या. उसाचा रस पिऊन परत आलो. पुढं कितीतरी वर्षं आमचं वेरूळ म्हणजे ते फाटक. मुलानं शाळेत वेरूळवर निबंध लिहिला, त्यात माकडं होती, रस होता आणि फाटकाचं कुलूप होतं. मास्तरांनी विचारलं, लेणी कुठंयत? तो म्हणाला, आत आहेत.

सहलींबद्दल लिहायला बसले तर अशा गमती पुष्कळ निघतील. पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वेगळं आहे. म्हातारपणी माझ्या नवऱ्याला दिसेनासं झालं आणि तरी ते स्टेरिंग सोडत नव्हते. गाडीत मुलगा, सून, नात. कोणाची हिंमत नव्हती त्यांना खाली उतर म्हणायची. ते कसे उतरले, त्याची ही हकिकत आहे.

आम्ही दोघंही मेंढरं राखणाऱ्या घरातले. मोठ्या दुष्काळात मेंढरं गेली, आईबाप खडी फोडायच्या कामावर लागले, आम्ही पोरं कामावर वाटायचे ती सुकडी खाऊन जगलो. काम संपलं, पण आम्ही शहराच्या कडेला राहिलो ते राहिलोच. लग्न झालं तेव्हा हे ट्रकवर क्लीनर होते. मग ड्रायव्हर झाले, मग जुनी जीप घेतली. तिला काळा-पिवळा रंग त्यांनी स्वतः दिला आणि उरलेला पिवळा आमच्या दाराला दिला. गल्लीतली माणसं विचारायची, घर पण लाईनीला लावलं काय?

जीप आली त्या दिवसापासून सासूबाई तिच्या पुढच्या डाव्या चाकावर तांब्याभर पाणी घालायला लागल्या. मेंढरं एका रानातून दुसऱ्या रानाला हलवायची असतात तेव्हा घरची बाई पुढच्या मेंढीच्या खुरांवर पाणी घालते, मग कळप चालू लागतो. जी पाणी घालते ती माघारी आणते, असं आमच्यात म्हणतात. मेंढरं राहिली नव्हती, म्हणून त्यांनी तेच जीपला लावलं. अंगात ताप असला तरी भिंत धरत दाराशी यायच्या. आणि हेही तसेच. बाकी कुठल्या देवाला कधी नारळ फोडला नाही त्यांनी, पण चाक ओलं झाल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत. एकदा वाटेत टायर फुटला तर घरी येऊन आईला पहिला सवाल, "पाणी नीट घातलं हुतं का?" आई म्हणाली, "चाक तुझं झिजल्यालं, अन पाणी माझं वाईट?"

पुढं पाण्याची अडचण वाढत गेली. शहर वाढलं, आम्ही उस्मानपुऱ्यातली भाड्याची खोली सोडून शहरालगतच्या सातारा गावाकडं गुंठेवारीत दोन खोल्या बांधल्या. तिथं नळच नव्हता. टँकर यायचा तेव्हा बायका एकमेकींच्या घागरी लाथेनं मागं सारायच्या, मीही सारल्या. एकदा घरात प्यायला एक कळशी होती आणि सासूबाई तांब्या भरून चाकाकडं निघाल्या. मी म्हटलं, आत्याबाई, लेकराला प्यायला नाय अन चाकाला कशाला? त्या म्हणाल्या, "तू नगं पिऊ आज. चाकाला घालू दे." त्या दिवशी मी खरंच दुपारपर्यंत पाणी प्यायले नाही. तहानेनं नव्हे, रागानं.

म्हणून सहलीला निघताना जीपच्या मागच्या बाजूला रिकामे कॅन असायचे. दौलताबादच्या पुढं घाटाखाली एका शेतकऱ्याची विहीर होती. त्याला हे फुकट शहरात आणायचे, तो आम्हाला पाणी भरू द्यायचा. आम्ही किल्ला बघून येईपर्यंत हे जीपखाली काहीतरी खटपट करत असायचे, मग विहिरीवर जायचं, कॅन भरायचे, अंघोळी करायच्या, कपडे धुवायचे, ते जीपच्या टपावर वाळत घालायचे आणि घरी यायचं. एकदा एका परदेशी बाईनं आमच्या जीपचा फोटो काढला, टपावर सासूबाईंचं लुगडं फडफडत होतं. सासूबाई म्हणाल्या, किल्ला सोडून माझ्या लुगड्याचं काय काढती ही.

एका दुष्काळात पैठणचं धरण आटलं तेव्हा आम्ही तेही बघायला गेलो. लोक भरलेलं धरण बघायला जातात, आम्ही रिकामं बघितलं. जमीन भाकरीसारखी तडकलेली. सासूबाईंचं माहेर त्या पाण्याखाली गेलेलं होतं. त्या जीपमधून उतरल्या आणि कोणाला काही न सांगता चालायला लागल्या. हे जीप घेऊन मागं मागं, धरणाच्या तळातून. बऱ्याच वेळानं त्या एका दगडी डोणीपाशी थांबल्या, मेंढरांना पाणी पाजायची डोण असते तशी. ती अर्धी गाळात रुतलेली होती. मला म्हणाल्या, ही आमची. मी म्हटलं कशावरून? त्या म्हणाल्या, तुझी असती तर तुला कळली असती. मग तिच्यावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली. त्या कुठल्याही किल्ल्याला, लेण्याला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत, पण त्या मंगळवारी परत येताना झोपेपर्यंत बोलत होत्या.

त्या गेल्या तेव्हा तांब्या माझ्याकडं आला. मला त्यात फार विश्वास होता असं नाही. पण ह्यांना होता, आणि एवढ्यानं त्यांचं मन निवांत राहत असेल तर तांब्याभर पाण्यानं माझं काय जातंय, असा माझा हिशेब.

दिवस बदलले. लोकांच्या दारात मोटारसायकली आल्या, लाईनीला माणसं मिळेनात. ह्यांनी लाईन सोडली पण जीप विकली नाही. मुलगा वाळूजला कंपनीत लागला. तो मोटारसायकलवर जायचा. लहानपणी बापानं त्याला जीप शिकवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी क्लच सोडताना चुकला म्हणून कानाखाली दिली. त्यानंतर त्यानं जीपच्या स्टेरिंगला हात लावला नाही, आजही लावत नाही. सून आली ती उस्मानपुऱ्याची. तिनं लग्नाच्या आधी मोटार ट्रेनिंगला जाऊन लायसन काढलेलं. ह्यांना तिचं कौतुक होतं, पण ते असं दाखवायचे की ते कौतुक आहे हे तिला कधी कळू नये. ती म्हणायची, "बाबा, घाटापर्यंत मी चालवू का?" हे म्हणायचे, "चालीव की. आमी सगळे उतरल्यावर चालीव."

नात शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. आम्ही दौलताबादला सीताफळं घ्यायला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलं होतं, हे हॉर्न वाजवत राहिले, हलेना म्हणून शिव्या घातल्या. माझ्या मांडीवरून नात म्हणाली, "आजोबा, ते कुत्रं नाहीये, पोतं आहे." सगळे हसले. हेही हसले, म्हणाले, उन्हानं डोळं दिपत्यात. मी हसले नाही. कारण त्याच्या आधी मी चहा बशीबाहेर सांडलेला बघितला होता. भिंतीवरची पाल दाखवली तर ते भलतीकडं बघून व्हय व्हय म्हणाले होते. नातीला दुकानातून गोळ्या आणायला पैसे देताना नाणं बोटानं चाचपून बघायचे.

मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं. ते म्हणाले मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो, कुणी मरतं का त्यानं? मी म्हटलं, मरतील ते पुढच्या मोटारसायकलवाले. त्यांना ऑपरेशनची भीती होती आणि ती का, हे मला माहीत होतं. त्यांच्या आजोबांचा डोळा एका शाळेच्या पटांगणात डोळ्यांच्या शिबिरात कापला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं धुळीत जाऊ नको. म्हातारा दुसऱ्या दिवशी मेंढरांत गेला, हातानं डोळा चोळला, डोळा गेला. दोष म्हाताऱ्याचा होता. पण घरात सगळ्यांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच की डोळा कापला अन डोळा गेला.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू सांग. मला परत कानाखाली खायची नाही." बाप झालेला माणूस, त्याला एक लेक आहे, आणि हे बोलतो.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. शहरात ते ओट्याला चाक घासायचे, उभ्या हातगाडीला लागायचे. आमच्या गल्लीत वळताना तर पोरं आधीच बाजूला व्हायची. पण पडेगाव, मिटमिटा मागं पडलं आणि दौलताबादचा रस्ता लागला की गाडी सुतासारखी सरळ. वळणं बरोबर, घाट बरोबर. मी स्वतःला समजावलं की एवढी वर्षं त्याच रस्त्यावर गेली, हातांना सवय आहे. समजावून घेणं सोपं असतं. मलाही मंगळवारी बाहेर पडायचं असायचं. घरात बसून काय करणार, टँकरची वाट बघणार?

मग रस्ता रुंद करायचं निघालं. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठाली वडाची झाडं होती, पारंब्या रस्त्यावर लोंबायच्या. उन्हाळ्यात त्यांच्याखालून जाताना जीपमध्ये गार व्हायचं. बुंध्यांना गेरूचे आणि चुन्याचे पट्टे मारलेले. ती झाडं तोडायला सुरुवात झाली. कुठं तोडलेली, कुठं उभी, कुठं नुसती मुळं वर आलेली. तोडलेले बुंधे उचलून नेईपर्यंत बाजूच्या शेतात ढकलून ठेवायचे.

त्या मंगळवारी आम्ही म्हैसमाळला निघालो होतो. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नव्हता, म्हैसमाळलाही हिरवं काही नसणार हे माहीत होतं, पण नातीला डोंगरावरून खाली बघायचं होतं. मी चाकावर पाणी घातलं. नात माझ्या मांडीवर, मी पुढं, मुलगा आणि सून मागं कॅनांमध्ये. ऊन टळटळीत होतं. दौलताबादच्या अलीकडं एका वळणावर रस्ता उजवीकडं वळतो, आणि जीप सरळ गेली. मी ओरडायच्या आत गाडी रस्ता सोडून खाली उतरली, ढेकळांवरून धडधडत गेली आणि कापसाच्या पऱ्हाट्यांत जाऊन थांबली. उंची फार नव्हती म्हणून उलटली नाही. नातीचं तोंड समोर आदळलं, एक दात पडला. तो पडायलाच आलेला होता, पण रक्त आलं, तिनं रडून रान डोक्यावर घेतलं. मागं सगळे कॅन मुलाच्या अंगावर.

हे म्हणाले, ब्रेक लागला नाही.

सून खाली उतरली होती, नातीचं तोंड पदरानं पुसत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही ब्रेक दाबलाच नाही." त्यांनी तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं, चार गाड्या शिकवणाऱ्याकडं चालवल्या म्हणजे ड्रायव्हर होत नसतं वगैरे. मुलगा कॅन गोळा करत राहिला, त्याला कॅन गोळा करायचं फार आवडतं असं वाटत होतं.

मी आजूबाजूला बघितलं. जीपच्या नाकापुढं दहा पावलांवर एक वडाचा बुंधा आडवा पडलेला होता. त्याच्यावर गेरू आणि चुन्याचा पट्टा. त्याच्या थोडं पुढं दुसरा, त्याच्यावरही पट्टा. दोन्ही शेतात, वळणाच्या सरळ रेषेत. मग माझ्या लक्षात आलं. मी ह्यांना म्हटलं, इकडं या. ते आले. मी त्यांचा हात धरून पट्ट्यावर ठेवला.

"ह्याच्यावर चालवत होता व्हय?"

ते बुंध्यावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पट्टा तेवढा दिसायचा. पट्ट्याला पट्टा जोडला की रस्ता हुतो."

"किती दिसापासून?"

"झाडं हुती तवर काय अडत नव्हतं."

मला रागही आला आणि थोडं आश्चर्यही वाटलं. म्हणजे इतके दिवस हा माणूस दोन्ही बाजूंच्या चुन्याच्या रेघा धरून आम्हाला डोंगरावर नेत होता, आणत होता, आणि समोरची बस, ट्रक, माणूस, जनावर हे सगळं नुसतं आवाजावर. एका ट्रॅक्टरवाल्यानं जीप ओढून वर काढली. त्यानं विचारलं काय झालं. हे म्हणाले ब्रेक. मी त्यांना ते म्हणू दिलं. परक्या माणसापुढं मी त्यांचा पाणउतारा कधी केला नाही, घरात केला तेवढा पुरे आहे. घरी येताना सूनबाईनं चालवली. हे मागं कॅनांत बसले, आणि वाटेत तिनं गिअर बदलला की दर वेळी दातओठ खाल्ल्यासारखा आवाज काढत होते. गिअर बरोबर पडला तरी.

मला वाटलं, आता आपणच समजतील. पुढच्या मंगळवारी सकाळी बघते तर अंगणात जीप पुसून तयार. हे म्हणाले, म्हैसमाळ राहिलं होतं ना, पोरीला दाखवू. मुलगा कंपनीतून सुट्टी काढून बसलेला, बापाला नाही म्हणता येत नाही म्हणून. सून दारात उभी, चेहरा पडलेला. नात मात्र आधीच जीपमध्ये चढून बसली होती, दात गेल्याची तिला मोठी मिरवण्याची गोष्ट वाटत होती. हे स्टेरिंगवर बसले, किल्ली लावली आणि मला हाक मारली, "पाणी आण गं."

मी आत गेले, माठातून तांब्या भरून आणला. चाकापाशी उभी राहिले. आणि तो तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

नात हसायला लागली. तांब्या रिकामा झाला हे ह्यांना दिसलं नाही, पण घशाचा आवाज आला असणार.

"काय केलंस?"

"तहान लागली हुती."

"दुसरा आण."

"नाय. तुमी डोळं करून आणत नाय तवर ह्या घरातला तांब्या ह्या चाकावर पडणार नाय. तुमच्या आईनं मला जाताना पाणी दिलं ते माणसं माघारी आणायला. पोरीला आपटायला नाय."

"म्या आपटलं?"

"मग काय वडानं आपटलं?"

ते म्हणाले, मी बिनपाण्याची काढीन. मी म्हटलं, काढा. मी आत गेले आणि भाकरी थापायला बसले. कान बाहेर होते हे सांगायला नको. जीप सुरू झाली नाही. सून नातीला घेऊन आत आली. मुलगा येऊन माझ्यासमोर बसला आणि काही कारण नसताना लसूण सोलायला लागला. भाकरी झाल्या, कालवण झालं, बाहेरून आवाज नाही. मी जाऊन बघितलं तर हे तसेच स्टेरिंग धरून बसलेले, किल्ली लावलेली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, जेवायला या. त्यांनी विचारलं, "डोळा गेला तर?"

"आता कुठं हाय?" मी म्हटलं.

त्यावर थोडं हसले बहुतेक. उतरले. किल्ली जीपमध्येच राहिली, ती मी काढून डाळीच्या डब्यात टाकली.

सरकारी दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. रांगेत त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्यांना खुलताबादच्या लाईनीचे किस्से सांगितले आणि ऑपरेशनच्या खोलीत जाताना माझ्या हाताला एवढं घट्ट धरलं की नर्सबाईंना सोडवावं लागलं. बाहेर आले तर डोळ्यावर हिरवी पट्टी. घरी मी त्यांचे दोन्ही हात माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं सैल बांधून ठेवायचे, झोपेत चोळू नये म्हणून. ते म्हणायचे, चोराला बांधतात तसं बांधलंय मला. मी म्हणायचे, तसंच हाय.

पट्टी सुटली, पुढं दुसराही डोळा करून आला, चष्मा आला, दिसायला लागलं. पहिले काही दिवस ते गच्चीवर उभे राहायचे आणि विचारायचे, ही बिल्डिंग कवाची? ती कवाची? आमच्या घराकडून खंडोबाचं देऊळ दिसायचं ते आता दिसत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. देऊळ दिसेनासं झालं ते आपल्या डोळ्यांमुळं असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, ते कोणालाच दिसत नाही, मधे चार मजले आलेत.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं तेव्हा मला धस्स झालं. पण बोलले ते बोलले. डोळे करून आणा असं मी म्हटलं होतं, त्यांनी करून आणले होते. मी डाळीच्या डब्यातून किल्ली काढून दिली. मंगळवारी निघालो. मी पाणी घातलं. ह्यांनी नवा चष्मा रुमालानं पुसला, आरशात बघितलं, मागं बसलेल्या सुनेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ आता ड्रायव्हर."

गल्लीतून झकास बाहेर काढली. ओटा नाही, हातगाडी नाही. रेल्वेच्या पुलावर गाडी जरा हळू झाली. नगरनाक्याच्या सिग्नलला त्यांच्या डाव्या हाताला एक कंटेनर येऊन उभा राहिला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग उजवीकडं बघितलं, तिथं दुसरा. मधून मोटारसायकली घुसत होत्या, एकीवर तिघं, मधल्याच्या हातात काचेचं कपाट. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, ह्यांनी गाडी काढली पण दोन्ही हात स्टेरिंगवर आवळलेले. पडेगावच्या पुढं रस्ता चांगलाच रुंद झालेला, झाडं नाहीत, मधे दुभाजक, आणि त्याच्या चुकीच्या बाजूनं एक डंपर आमच्याकडं येत होता, जसा काही त्याचाच रस्ता. सगळे तसेच येतात. डंपर गेला.

हे खालच्या आवाजात म्हणाले, "एवढ्या गाड्या कवा आल्या?"

सून म्हणाली, "बाबा, रोजच असतात."

"म्या ह्याच्यातून आणायचो तुमाला?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी गाडी मिटमिट्याजवळ कडेला घेतली. हात दाखवून, मागं बघून, नीट कडेला. बंद केली. मुलानं विचारलं, बाबा, चक्कर आली का? ते म्हणाले, नाय. मग दार उघडून उतरले, जीपच्या पुढून वळसा घालून मागच्या दाराशी आले आणि सुनेला म्हणाले, "पोरी, तू ये पुढं."

ती बिचारी घाबरली, तिला वाटलं परीक्षा घेताहेत. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं जा. ती पुढं गेली आणि मी मुलाला तिच्या शेजारी पाठवून मागं आले. हे मागं माझ्या शेजारी बसले, नातीला मांडीवर घेतलं. वरचा दांडा त्यांनी धरला तो सोडला नाही. सून चालवायला लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "ट्रकच्या मागं नगं जाऊस, त्यो काय बघत नाय." थोड्या वेळानं परत म्हणाले, "अन म्या बी बघत नव्हतो."

एवढं बोलायला त्या माणसाला जे लागलं असेल ते मला माहीत आहे.

दौलताबादला सुनेनं गाडी थांबवली, तिथं पेरूवाली बसली होती. मी मीठ-तिखट लावून फोडी घेतल्या. नात विचारत होती, किल्ल्यावर तोफ आहे का, तोफ फुटते का. हे किल्ल्याकडं बघत होते. आयुष्यभर त्याच्या पायथ्याजवळून गेले, पण तेव्हा नजर रस्त्यावर, नाहीतर प्रवाशांच्या पैशांवर. आता पहिल्यांदा बसल्या जागी मान मागं टाकून बघितला. म्हणाले, बक्कळ उंच हाय की. मी म्हटलं, हाय.

घाट लागला. पहिल्या चढावर सुनेचा गिअर अडकला आणि जीप घरघरली. ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यात पेरूची फोड घातली.